चढवण्याआधी उतरवण्याचा विचार

गाडीचा रंग बदलायचा आहे, पण कायमचा नाही, असं ठरवलेल्या माणसापुढे आज दोन रस्ते असतात. पहिला व्हिनाइल रॅपचा: रंगीत प्लास्टिकची चिकट फिल्म पॅनलमागून पॅनल चढवायची. दुसरा सोलून काढता येणाऱ्या स्प्रेचा: रबरासारखा द्रव थरावर थर फवारायचा आणि नको झाला की साल काढावी तसा ओढून काढायचा. दुकानात चौकशी केली की बोलणं तीन गोष्टींभोवती फिरतं. खर्च किती, दिसेल कसं, टिकेल किती वर्षं. प्रश्न रास्त आहेत, पण माझ्या मते ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. या दोन्ही वस्तू विकल्या जातात त्या एकाच आश्वासनावर: मूळ रंगाला धक्का लागणार नाही आणि मनात येईल तेव्हा तो जसाच्या तसा परत मिळेल. हे आश्वासन नसतं तर गाडी सरळ पेंटरकडे नेली असती. तेव्हा निवड करायची ती याच आश्वासनाच्या कसोटीवर. उतरवायच्या दिवशी काय होईल, कोण उतरवेल, किती वेळ लागेल आणि खालून काय निघेल, याची उत्तरं आधी मिळवली की बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

हा हिशेब सुरू होतो खालच्या रंगापासून. कारखान्यात गाडीचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणातून आणि मग विद्युतभारित प्रायमरच्या हौदातून जातो. तो थर भट्टीत साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजला जातो. त्यावर आणखी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट येतो. वरचे थरही १४० अंशांच्या आसपास पक्के होतात. इतकं सगळं होऊन एकूण जाडी भरते जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी. पण हा रंग पत्र्याला असा धरून बसलेला असतो की वरून कुठलीही चिकट वस्तू ओढली तरी तो सहसा जागा सोडत नाही. गॅरेजमधल्या डेंटिंग-पेंटिंगचं तसं नसतं. तिथं गाडी वायरिंग, काचांची रबरं आणि प्लास्टिकच्या भागांसकट उभी असते. तिला १४० अंश उष्णता देताच येत नाही. चांगल्या बूथमध्ये ६० अंशांपर्यंत तापवतात, साध्या गॅरेजात रंग हवेवरच वाळतो. त्याच्याखाली कधी पुट्टीचा जाड थर असतो, तर कधी जुना रंग नीट घासलेलाच नसतो. अशा पॅनलवर चिकटवलेली फिल्म ओढली की फिल्मसोबत रंगाचे पापुद्रे निघतात आणि खाली करडा प्रायमर दिसू लागतो. फिल्म बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या म्हणूनच रंगाला इजा न होता फिल्म निघण्याची हमी कारखान्यातल्या मूळ रंगापुरतीच देतात. आपल्या शहरांतल्या रहदारीत चार-पाच वर्षं फिरलेल्या गाडीचा एकही बंपर पुन्हा रंगवलेला नाही, असं क्वचितच घडतं. त्यामुळे रॅप की स्प्रे हे ठरवण्याआधी कोणतं पॅनल मूळ आहे आणि कोणतं नंतर रंगवलेलं, याची यादी करावी. जुन्या गाड्यांचे व्यापारी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र बाळगतात. धातूच्या पॅनलवर आकडा २०० मायक्रॉनच्या बराच पुढे गेला, तर तिथं गॅरेजचा हात लागला आहे असं समजायला हरकत नाही.

आता व्हिनाइलकडे येऊ. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. टॅक्सी म्हणून राबलेली गाडी पुढे विकायला काढली की तो रंगच आडवा यायचा, कारण खासगी गिऱ्हाइकाला टॅक्सीसारखी दिसणारी गाडी नको असते. त्यावर तिथल्या टॅक्सीमालकांनी तोड काढली. गाडी आपल्याला हव्या त्या रंगाची घ्यायची, वर हस्तिदंती फिल्म चढवायची आणि विकताना ती उतरवायची. अख्ख्या गाडीचा रंग फिल्मनं बदलण्याची पद्धत रुळली त्यामागे ही गरज होती, आणि तिच्या मुळाशी पहिल्या दिवसापासून उतरवणंच होतं. फिल्म दोन जातींची मिळते. नव्यानं लावलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सामान्य माणसाला फरक कळणार नाही, पण किमतीतली तफावत मोठी असते आणि ती उगीच नसते. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांमधून लाटत पातळ केलेली असते. जाडी साधारण ७५ ते १०० मायक्रॉन. लाटताना बसलेला ताण तिच्यात कायम राहतो, त्यामुळे ऊन लागलं की ती मूळ आकाराकडे आखडू पाहते. कडा आत सरकतात, उघड्या पडलेल्या चिकटीवर धुळीची काळी रेघ धरते. कास्ट फिल्म ओतून बनते. पातळ मिश्रण सपाट पृष्ठभागावर पसरवून भट्टीत सुकवतात, जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास राहते आणि ओढाताण झालेली नसल्यामुळे आखडण्याची वृत्तीही फारशी नसते. थ्रीएमची २०८० मालिका किंवा एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म या कास्ट जातीच्या आहेत. सपाट पाटीसाठी किंवा टेम्पोच्या सरळ बाजूंसाठी कॅलेंडर्ड पुरते. गाडीच्या वळणावळणाच्या अंगाला कास्टच हवी.

चांगलं काम कसं ओळखायचं ते बंपरवर फॉग लॅम्पच्या खोबणीत पाहावं. कारागीर हीट गननं फिल्म मऊ करतो, खोबणीत ताणत बसवतो आणि मऊ कडेच्या स्क्वीजीनं हवा बाहेर ढकलतो. काम इथं संपल्यासारखं दिसतं, पण ताणलेला तो भाग शेवटी पुन्हा ९० ते ११० अंशांपर्यंत तापवावा लागतो. तेवढी उष्णता मिळाली की फिल्म ताणलेला आकार हाच आपला आकार मानते. नाही मिळाली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती खोबणीतून तंबूसारखी उठते. गर्दीच्या दिवसांत हीच पायरी गाळली जाते. दुसरी जोखीम ब्लेडची. फिल्म गाडीवरच कापताना हात जरा जड पडला की क्लिअर कोटवर बारीक चीर पडते. फिल्म आहे तोवर ती झाकलेली राहते आणि दिसते ती काढायच्या दिवशी, तेव्हा दोष कुणाचा हे सिद्ध करणं अशक्य असतं. त्यासाठी दोऱ्याची टेप मिळते. ती फिल्मखाली आधी चिकटवायची आणि नंतर तिचा दोरा ओढायचा. फिल्म कापली जाते, ब्लेड रंगाला शिवतही नाही. दुकानदाराला ही टेप वापरणार का, एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याच्या कामाचा अंदाज येतो.

वेळेत काढायला घेतली तर कास्ट फिल्म मोठ्या तुकड्यांत निघते. तिला थोडी ऊब द्यायची, कोपरा उचलायचा आणि पृष्ठभागालगत तिरकी, सावकाश ओढायची. वेळ टळली की मात्र कहाणी बदलते. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊपणा देणारी द्रव्यं उन्हात हळूहळू निघून जातात. मग फिल्म ठिसूळ होऊन नखाएवढ्या कपच्यांत निघते, चिकटी रंगावर राहते आणि एकेक पॅनल घासत बसावं लागतं. छत आणि बोनेट यांचं आयुष्य दारांपेक्षा बरंच कमी असतं, कारण डोक्यावरचं ऊन तेच झेलतात. हमीपत्रांतही उभ्या आणि आडव्या पृष्ठभागांची मुदत वेगवेगळी लिहिलेली असते. ‘पाच-सात वर्षं टिकेल’ हे ऐकताना ते दारांविषयी आहे की छताविषयी, हे विचारावं. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गडद गाडीचा पत्रा साठ-सत्तर अंशांच्या घरात जातो. अशा गाडीच्या छताची फिल्म मुदत भरण्याची वाट न पाहता, ती अजून लवचीक आहे तोवर उतरवावी. मुदत म्हणजे फिल्म दिसायला बरी राहण्याचा काळ. सहज निघण्याचा काळ त्याच्या आधी संपू शकतो.

सोलता येणाऱ्या स्प्रेचा उगम गाडीत नाही, हत्यारांत आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७२ पासून विकलं जाणारं प्लास्टी डिप हे पक्कड-पान्यांच्या मुठी बुडवून काढण्यासाठी बनवलेलं द्रव. पकड चांगली बसावी, हात घसरू नये, एवढाच हेतू. पुढे हौशी मंडळींनी तेच चाकांवर, लोगोंवर आणि शेवटी अख्ख्या गाडीवर फवारलं. त्याचं विज्ञान सोपं आहे आणि एकदा समजलं की त्याचे गुण-दोष पाठ करावे लागत नाहीत. कृत्रिम रबराचं द्रव्य द्रावकात विरघळवलेलं असतं. फवारल्यावर द्रावक उडून जातो, द्रव्य मागे राहतं. थर आणि खालचा रंग यांच्यात पक्का बंध तयार होत नाही, म्हणून तो सोलता येतो. थर पुरेसा जाड असेल तर तापवलेल्या दुधावरची साय चमच्यानं उचलावी तसा तो अखंड उचलला जातो. आणि कोणतीही रासायनिक जोडणी न होता नुसता वाळल्यामुळे तोच द्रावक पुन्हा लागला की तो पुन्हा विरघळतो. यात सोय आहे, कारण ओरखडा उठलेल्या जागी नवा हात फवारला की तो जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. रॅपमध्ये अशा वेळी पूर्ण पॅनलची फिल्म बदलावी लागते. पण अडचणही यातच आहे. पेट्रोल हाही असाच एक द्रावक. टाकीच्या झाकणाखाली ओघळलेलं पेट्रोल पुसायला उशीर झाला तर थर मऊ होऊन सुरकुततो.

स्प्रेचं सगळं गणित जाडीवर चालतं आणि फसवणूकही तिथंच होते. एका-दोन हातांत गाडीचा रंग डोळ्यांना बदललेला दिसतो. सोलण्याजोगा थर मात्र पाच-सहा भरगच्च हातांनंतरच तयार होतो. डबे वाचवणाऱ्याचं काम पहिल्या दिवशी उत्तम दिसतं आणि काढायच्या दिवशी बोटाच्या पेराएवढ्या चिंधड्यांत निघतं. पॅनलच्या मधोमध थर जाड असला तरी कडांना, दाराच्या फटीत, बोनेटच्या ओठावर तो फवाऱ्याच्या धुरळ्याइतका विरळ पडतो. असा थर सोलला जातच नाही. तिथं द्रावकात भिजवलेलं फडकं घेऊन इंच-इंच घासावं लागतं, आणि खाली गॅरेजचा रंग असेल तर हाच द्रावक त्यालाही मऊ करू शकतो. यावर एक चांगली युक्ती आहे. उतरवण्याच्या आदल्या दिवशी विरळ कडांवर त्याच द्रवाचे दोन-तीन भरगच्च हात मारायचे. नवा थर जुन्याला विरघळवून पोटात घेतो आणि वाळल्यावर दोन्ही मिळून निघतात. मास्किंगची टेपही शेवटचा हात ओला असतानाच ओढावी. वाळल्यावर ओढली तर ती थराची कड सोबत घेऊन येते. आपल्याकडच्या हवेचं आणखी एक आहे. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. थरावर पांढुरकी झाक येते ती त्यामुळे. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत उघड्यावर हे काम काढूच नये.

स्प्रेची बाजू घेणारे म्हणतील की तो स्वस्त पडतो, घरच्या घरी होतो, सांधे दिसत नाहीत आणि गाडीवर ब्लेड फिरत नाही. ब्लेडचा आणि सांध्यांचा मुद्दा मला मान्य आहे. खर्चाचा अर्धाच मान्य आहे. कास्ट फिल्मनं पूर्ण गाडी करायची तर खर्च साधारण ५० हजारांपासून लाखाच्या पुढे जातो, आणि त्यापुढे स्प्रेचा आकडा लहान दिसतो यात शंका नाही. पण तो लहान आकडा बहुधा पातळ थराचा असतो. सोलण्याजोगी जाडी, नीट मास्किंग, धूळ नसलेली बंद जागा आणि शेवटी सोलण्याची मजुरी हे सगळं धरलं की तफावत बरीच आक्रसते. घरच्या घरी हा मुद्दा तर मला काळजीचा वाटतो. या डब्यांत टोल्युइनसारखे द्रावक असतात. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ते फवारणं म्हणजे ज्वालाग्राही वाफा कोंडून ठेवणं. चकचकीत दिसणाऱ्या नव्या पिढीच्या काही स्प्रेंवर हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट मारतात. त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसांना दम्यासारखा कायमचा विकार जडवू शकतं. तोंडाला रुमाल बांधून ते मारणाऱ्या पोराच्या हाती आपली हौस सोपवू नये. व्हिनाइलही याला अपवाद नाही. उरलेले तुकडे जाळले की पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि दुकानामागच्या कचऱ्याला काडी लावण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही.

दुसरा आक्षेप असा येतो की उतरवण्याचा एवढा बाऊ कशाला, दोन्हींमुळे रंगाचं रक्षण तर होतंच. थोडंफार होतं, पण समजतात तितकं नाही. किरकोळ ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा, ऊन यांचा पहिला मार वरचा थर झेलतो. हायवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ५० मायक्रॉनच्या फिल्मनं अडत नाही. त्यासाठी पीपीएफ ही पॉलियुरेथेनची वेगळी फिल्म असते, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची, तिचा खर्च आणि हेतू दोन्ही वेगळे. शिवाय रक्षण अर्धवट झालं की त्याचाही डाग राहतो. फक्त बोनेट किंवा फक्त छत तीन-चार वर्षं झाकून ठेवलं आणि मग उघडलं, तर झाकलेला रंग ताजा आणि शेजारचा उन्हानं उतरलेला दिसतो, विशेषतः लाल गाडीवर. खड्यानं टवका उडालेल्या जागेवर किंवा गंजाच्या ठिपक्यावर तर काहीच चढवू नये. झाकल्यानं गंज थांबत नाही. खाऱ्या हवेत तो कडेनं ओल ओढत राहतो आणि मालकाला पत्ता लागत नाही.

हे सगळं जमेस धरून मी कौल देईन तो असा. मूळ रंग शाबूत असलेली गाडी तीन-चार वर्षांसाठी पूर्ण बदलायची असेल तर कास्ट व्हिनाइल, आणि ते छताखाली उभी राहणाऱ्या गाडीला. स्प्रेची खरी जागा लहान भागांवर आहे: अलॉय व्हील, ग्रिल, लोगो, आरशांची कव्हरं. चाकांच्या काड्यांवर फिल्म बसवणं जवळजवळ अशक्य, तिथं फवारा सगळीकडे पोचतो. चाक काढून टेबलावर ठेवता येतं, म्हणून कडांनाही भरपूर थर देता येतो आणि पुढे तो हातमोज्यासारखा उतरतो. ब्रेक कॅलिपर मात्र याला अपवाद. प्लास्टी डिपची उष्णता सोसण्याची मर्यादा ९३ अंशांच्या आसपास आहे, आणि एखादा लांब घाट ब्रेकवर उतरला की कॅलिपर ती सहज ओलांडतो. पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर शक्यतो फिल्म नको. चढवायचीच तर रंग होऊन किमान महिना जाऊ द्यावा आणि आधी नजरेआडच्या कोपऱ्यात हातभर तुकडा लावून, दोन दिवसांनी ओढून पाहावा. उघड्या पार्किंगमध्ये बारा महिने उन्हातान्हात राहणाऱ्या गाडीला मी दोन्ही सुचवणार नाही. तो पैसा मूळ रंगाच्या पॉलिशवर जास्त कामी येईल.

कायद्यापुढे मात्र हे ‘तात्पुरतं’ फारसं चालत नाही. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. रस्त्यावर अडवणारा पोलीस नोंद आणि समोरची गाडी जुळवतो, रंग फिल्मचा आहे की पेंटचा हे त्याच्या लेखी गौण असतं. पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं, म्हणजे अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उरत नाही. ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनी संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. लष्करी हिरवा मॅट रॅप कितीही भावला तरी तो टाळावा. दिवे आणि नंबरप्लेट यांच्यावर कुठलाही थर नको. धुरकट स्प्रेनं झाकलेला मागचा दिवा पावसात मागून येणाऱ्याला उशिरा दिसतो.

शेवटी, जुन्या बाजारात रॅप केलेली गाडी घेणाऱ्यांसाठी. विकणारा सांगेल की खाली रंग कोरा आहे, आणि ते खरंही असेल. पण झाकलेल्या गाडीत ठोकलेलं दार आणि कोरं दार सारखंच दिसतं. जाडी मोजायचं यंत्र फिल्मची जाडीही धरून आकडा दाखवतं, तेव्हा सगळ्या पॅनलचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. एकच पॅनल फार पुढे गेलं असेल तर तिथं काम झालं आहे. दाराच्या आतली चौकट, बोनेटची खालची बाजू आणि पेट्रोलच्या झाकणाआडची जागा इथं मूळ रंग उघडा असतो. तो आरसीवरच्या रंगाशी जुळतो का पाहावं. फिल्म कोणत्या कंपनीची, कोणत्या मालिकेची आणि कधी लावली याचं बिल मागावं. बिल नसेल तर पैसे देण्याआधी बोनेट आणि एका बंपरची फिल्म विकणाऱ्याकडून, त्याच्या खर्चानं आणि आपल्या समोर उतरवून घ्यावी.